गरिबीने राखलेले गाव

इंग्रजी कादंबऱ्या वाचता वाचता आपल्या मनात इंग्लंडमधील लहान गावाचे एक चित्र नकळत तयार झालेले असते. वळणावळणाचा चढउताराचा रस्ता, दोहों बाजूंना लाकडी खांबपट्ट्यांची आणि उतरत्या कौलारू छपरांची घरे, मध्यभागी बाजारचौक, उंचवट्यावर चर्चचा दगडी मनोरा. असे गाव प्रत्यक्षात आहे काय, असे कोणी विचारले तर जाणकार ज्या चार-दोन गावांची नावे घेतात त्यांत लॅव्हनमचे नाव हमखास असते. या गावाची छायाचित्रे दिनदर्शिकांवर, बिस्किटांच्या डब्यांवर आणि प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांवर इतक्या वेळा छापली गेली आहेत की, हे गाव चित्रासाठीच वसवले असावे असा संशय यावा! प्रस्तुत लेखात या चित्राच्या मागे थोडे डोकावण्याचा विचार आहे.

लॅव्हनम हे पूर्व इंग्लंडमधील सफक परगण्यात, लंडनच्या ईशान्येस सुमारे ११० किलोमीटरांवर आहे. लोकसंख्या पावणेदोन हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम खेड्याएवढीच. परंतु सरकारने ऐतिहासिक म्हणून नोंदवलेल्या आणि परवानगीवाचून ज्यांच्या एका खिडकीलाही हात लावता येत नाही, अशा इमारती या एवढ्याशा गावात तीनशेहून अधिक आहेत. त्यांतील बहुतेक पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सोळाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांपर्यंत, म्हणजे अवघ्या दोन-तीन पिढ्यांत उभ्या राहिल्या. त्या काळातील इंग्लंडमधली कितीतरी मोठी शहरे आज ओळखू येत नाहीत. मग हे गावच जसेच्या तसे कसे राहिले? वाटाड्ये या प्रश्नाचे अर्धे उत्तर मोठ्या हौसेने देतात. ते लोकरीच्या श्रीमंतीचे आहे. उरलेले अर्धे गरिबीचे आहे, आणि ते सांगताना आवाज थोडा खाली येतो.

प्रथम घरांकडे पाहू. लॅव्हनमच्या घरांचा सांगाडा ओक नावाच्या झाडाच्या लाकडाचा असतो. त्या काळचे सुतार हे लाकूड वाळवून वापरीत नसत. ओला ओक करवतीला आणि पटाशीला सहज वश होतो. वाळल्यावर तो लोखंडासारखा कठीण होतो. म्हणून झाड तोडले की लवकरच त्याचे खांब, तुळया आणि कैच्या घडवीत. एका लाकडाच्या टोकाला जीभ काढायची, दुसऱ्यात तिच्या मापाची खाच पाडायची, दोन्ही एकमेकांत बसवून आडव्या भोकातून लाकडी खुंटी ठोकायची, असा हा सांधा. खिळ्याचे काम जवळजवळ नाही. पूर्ण सांगाडा आधी सुताराच्या अंगणात जमिनीवर आडवा जुळवून पाहत, प्रत्येक सांध्यावर पटाशीने रोमन आकड्यांसारख्या खुणा करीत, मग तो सुटा करून गाड्यांतून जागेवर नेत आणि खुणेला खूण जुळवून उभा करीत. जुन्या घरांच्या तुळयांवर या खुणा अद्याप दिसतात. म्हणजे ही घरे एका अर्थाने मोठाले फर्निचरच! ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

खांबांच्या मधल्या जागेत काटक्यांचा कूड विणून त्यावर माती, शेण आणि चिरलेला पेंढा यांचा गिलावा देत आणि वरून चुन्याचा हात फिरवीत. आपल्या कोकणातील किंवा मावळातील कुडाच्या भिंती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. गारठ्याच्या प्रदेशातला श्रीमंत व्यापारीही मूळच्या याच भिंतीत राहत होता, एवढेच लक्षात घ्यावयाचे.

ओला ओक जागेवर उभा राहिल्यानंतर वर्षानुवर्षे वाळत जातो आणि वाळताना आखडतो, पिळवटतो, वाकतो. खुंट्यांचे सांधे मात्र सुटत नाहीत; उलट अधिकच आवळले जातात. म्हणून लॅव्हनममधील घरे एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून उभी असल्यासारखी दिसतात. हाय स्ट्रीटवर नारिंगी रंगाचे एक घर तर इतके कललेले आहे की त्याचे नावच ‘वाकडे घर’ असे पडले आहे. पाहणाऱ्याला ते आता पडेल की मग पडेल असे वाटते. पण ते शतकानुशतके असेच पडत आले आहे.

वरचा मजला खालच्या भिंतीच्या दीड-दोन फूट पुढे काढण्याची पद्धत होती. याची कारणे निरनिराळी सांगतात. वर थोडी अधिक जागा मिळते, खालच्या भिंतीचे पावसापासून रक्षण होते, आणि बाहेर आलेल्या टोकांवर वरच्या भिंतीचे वजन पडल्यामुळे आतील तक्तपोशी झुलत नाही. ही सारी कारणे खरी असतील. परंतु माझ्या मते मुख्य कारण दिमाखाचे असावे. कारण ही पद्धत बहुधा रस्त्याच्या बाजूसच दिसते, परसाच्या बाजूस क्वचित. तीच गोष्ट उभ्या खांबांची. घर तोलून धरण्यास चार-पाच फुटांवर एक खांब पुरे असतो. लॅव्हनमच्या व्यापाऱ्यांनी मात्र दर्शनी भिंतीत खांबांना खांब लावून ते अगदी दाटीने उभे केले. लाकूड महाग होते, आणि आपण ते उधळू शकतो हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावे, हा त्यातील हेतू. आपल्याकडे एखाद्या सावकाराने वाड्याच्या दरवाज्याला गरजेपेक्षा दुप्पट पितळी फुल्या ठोकाव्यात, तसाच हा प्रकार!

लेडी स्ट्रीटच्या कोपऱ्यावर त्या काळच्या दुकानांचा एक दुर्मीळ नमुना शिल्लक आहे. त्याच्या खिडक्यांना लाकडी कमानी आहेत. काच नव्हतीच. सकाळी खिडकीची फळी खाली पाडली की तिचाच कट्टा होई, त्यावर माल मांडीत. आणि गिऱ्हाईक रस्त्यात उभे राहूनच सौदा करी. संध्याकाळी फळी वर उचलली की दुकान बंद.

हा पैसा आला कोठून? इंग्लंडची लोकर मध्ययुगात युरोपभर नावाजलेली होती. पुढे कच्च्या लोकरीच्या निर्यातीवर राजाने भारी जकात बसवल्यामुळे लोकर बाहेर धाडण्यापेक्षा कापड विणून धाडणे फायद्याचे झाले. लॅव्हनमला १२५७ साली बाजार भरवण्याची सनद मिळाली होती. तेथील व्यापाऱ्यांनी ही संधी साधली. हा व्यापारी स्वतः विणीत नसे. तो लोकर विकत घेई, ती आसपासच्या खेड्यांतील बायकांकडे कातावयास देई, सूत विणकऱ्याच्या घरी पोचवी, विणलेले कापड पाण्यात कुटून घट्ट करणाऱ्याकडे नेई, आणि तयार ठाण लंडनच्या बाजारात धाडी. प्रत्येक टप्प्यावर माल त्याचा आणि मजुरी दुसऱ्याची. गिरण्या येण्याच्या कितीतरी आधी भांडवलदार आणि मजूर हे नाते या गावच्या गल्ल्यांत पक्के झाले होते.

गावाची ख्याती होती ती निळ्या जाड कापडाबद्दल. हा निळा रंग ‘वोड’ नावाच्या झुडपाच्या पानांपासून काढीत. पाने वाटून त्यांचे गोळे करावयाचे, ते वाळवून पुन्हा ओले करून आंबवावयाचे आणि कढत्या हौदात लोकर बुडवावयाची, असा तो खटाटोप. याचा दर्प भयंकर असे. हिंदुस्थानातील नीळ पुढे समुद्रमार्गाने युरोपात जाऊ लागली आणि तिने या वोडला हळूहळू हुसकावून लावले, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेलच. रंगकामाला पाणी लागते. गावाच्या खालच्या अंगास वॉटर स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. त्याच्याखालून सोळाव्या शतकाच्या आगेमागे बांधलेला विटांचा नाला आजही जातो. वर देखण्या घरांची ओळ आणि खाली व्यापाऱ्यांच्या कामाचे पाणी! पर्यटक ज्या रस्त्यावर थांबून छायाचित्र घेतो तो एके काळचा दुर्गंधीचा, गजबजीचा कारखाना-रस्ता होता.

या व्यापाऱ्यांत स्प्रिंग घराणे सर्वांत मोठे. तिसरा टॉमस स्प्रिंग १५२३ साली मरण पावला तेव्हा उमराव वर्गाबाहेरील इंग्लंडमधील अत्यंत श्रीमंत माणसांत त्याची गणना होत होती. गावाच्या टोकावरील सेंट पीटर आणि सेंट पॉल यांचे चर्च हे मुख्यतः या घराण्याच्या आणि गावचे जमीनदार डी व्हिअर यांच्या पैशातून उभे राहिले. तेरावा अर्ल ऑफ ऑक्सफर्ड जॉन डी व्हिअर १४८५ च्या बॉझवर्थच्या लढाईत सातव्या हेन्रीच्या आघाडीचा सेनापती होता. लढाई जिंकली, हेन्री राजा झाला, त्याबद्दल देवाचे उतराई होण्यासाठी चर्चची नवी बांधणी सुरू झाली असे म्हणतात. मनोरा १४१ फूट उंच आहे. त्याच्या पूर्ततेसाठी स्प्रिंगने मृत्युपत्रात २०० पौंड ठेवले. मनोऱ्याच्या कठड्यावर स्प्रिंगची ढाल पुन्हा पुन्हा कोरली आहे. खाली डी व्हिअरचा तारा आणि रानडुक्कर. उमराव आणि व्यापारी यांनी देवाच्या दारात एकमेकांशी केलेली ही चढाओढ दगडात वाचता येते.

१५२४ साली सरकारने जो कर गोळा केला त्यात लॅव्हनम हे देशातील पहिल्या वीस गावांत मोडत होते. यॉर्क किंवा लिंकन यांसारख्या जुन्या शहरांपेक्षाही या गावाने अधिक कर भरला. परंतु त्याच कराच्या याद्या सावकाश वाचल्या तर दुसरे चित्र दिसते. संपत्तीचा फार मोठा वाटा मोजक्या व्यापाऱ्यांकडे, विशेषतः स्प्रिंग घराण्याकडे होता. विणकर, कातणाऱ्या बायका आणि रंगारी यांच्याजवळ मजुरीखेरीज काही नव्हते.

आणि पुढच्याच वर्षी स्फोट झाला. आठव्या हेन्रीला फ्रान्सवर स्वारी करावयाची होती आणि खजिना रिता होता. त्याचा मंत्री कार्डिनल वुल्झी याने पार्लमेंटला न विचारता एक नवी वसुली काढली आणि तिला ‘स्नेहाची देणगी’ अशा अर्थाचे गोड नाव दिले. सामान्य लोकांनी मालमत्तेचा सहावा हिस्सा आणि धर्मगुरूंनी तिसरा हिस्सा द्यावा, अशी ही देणगी! कापड व्यापाऱ्यांनी विणकरांना सांगून टाकले, आता आमच्याजवळ तुम्हाला काम देण्यास पैसा नाही. मे १५२५ मध्ये आसपासच्या गावांतील सुमारे चार हजार माणसे लॅव्हनमला जमली. नॉर्फक आणि सफक येथील दोन्ही ड्यूक फौज घेऊन आले. पण त्यांनाही आपल्या सैनिकांचा भरवसा वाटेना. धोक्याची घंटा वाजली की सारा मुलूख उठेल म्हणून कोणा श्रीमंत व्यापाऱ्याने चर्चच्या घंटांचे लोळक आधीच काढून ठेवले होते, अशी एक कथा सांगतात.

ड्यूक ऑफ नॉर्फकने जमावाला विचारले, तुमचा सेनापती कोण? तेव्हा जॉन ग्रीन नावाचा पन्नाशीचा एक माणूस पुढे झाला. त्या काळच्या बखरकाराने त्याचे उत्तर नोंदवून ठेवले आहे. त्याचा आशय असा की, आमच्या सेनापतीचे नाव गरिबी; तिने आणि तिच्या नातलग निकडीने आम्हाला येथवर आणले. काम थांबले की आमच्या घरात अन्न थांबते, हेही त्याने स्पष्ट केले. यावर तलवार चालवणे ड्यूकलाही जड गेले. जमाव पांगला, काही पुढाऱ्यांना लंडनला नेले, पण अखेर सर्वांना माफी मिळाली आणि राजाने ती वसुलीच मागे घेतली. राजाने माघार घेतल्याचे प्रसंग त्या राजवटीत फार नाहीत. लॅव्हनमच्या बाजारचौकातील पाटीवर व्यापाऱ्यांच्या वैभवाला जितक्या ओळी मिळतात तितक्या या माणसालाही मिळावयास हव्या होत्या, असे मला वाटते.

बाजारचौकातील सर्वांत मानाची इमारत म्हणजे गिल्डहॉल. गिल्ड म्हणजे थोडे भजनी मंडळ, थोडी परस्पर मदतीची संस्था आणि थोडा प्रतिष्ठितांचा क्लब, असे मिश्रण होते. गावात अशी चार मंडळे होती. त्यांपैकी कॉर्पस क्रिस्ती मंडळाने सुमारे १५३० साली हे सभागृह बांधले. दाट उभे खांब, पुढे आलेला मजला, कोरीव काम केलेले प्रवेशद्वार, कोपऱ्यातील खांबावर कोरलेली मनुष्याकृती, असा सारा थाट. परंतु दैव कसे पाहा! १५४७ साली सहाव्या एडवर्डच्या राजवटीत धार्मिक मंडळे कायद्याने बरखास्त झाली. म्हणजे ज्या कामासाठी हे सभागृह बांधले ते काम येथे जेमतेम सतरा-अठरा वर्षे चालले. पुढील चारशे वर्षांचा या इमारतीचा इतिहास अगदी निराळा आहे. आधी गावची कचेरी, नंतर तुरुंग, त्यानंतर निराधारांना कोंडून कामाला लावण्याचे ‘वर्कहाउस’, मधून लोकरीचे कोठार. डिकन्सच्या कादंबऱ्यांतून वर्कहाउस काय असते हे आपण वाचले आहे. ते वर्कहाउस अशा कोरीव दाराच्या मागेही असू शकते, हे मात्र चटकन ध्यानात येत नाही.

गावाला उतरती कळा लागली ती सोळाव्या शतकाच्या मध्यापासून. लॅव्हनमचे निळे कापड जाड आणि टिकाऊ. पण लोकांना हलके, स्वस्त आणि रंगीबेरंगी कापड हवे होऊ लागले. १५६५ नंतर नेदरलँड्समधून धर्मच्छळामुळे पळून आलेले विणकर जवळच्या कोल्चेस्टरला स्थायिक झाले आणि तसे हलके कापड तेथे तयार होऊ लागले. लॅव्हनमकडे उरले सूत कातणे, आणि ते दुसऱ्यांसाठी. ज्यांच्याजवळ पैसा होता ते जमिनी घेऊन गाव सोडून गेले. पुढे यंत्रे आली, पण ती उत्तरेकडे, जेथे कोळसा आणि वेगवान ओढे होते तेथे. एकोणिसाव्या शतकात गावात घोड्याच्या केसांचे कापड विणण्याचा आणि काथ्याच्या चटया करण्याचा धंदा चालला. ज्या नारळाचा वृक्ष त्या देशात उभाही राहू शकत नाही त्याचा काथ्या सफकच्या खेड्यात जाऊन पोचावा, हे साम्राज्याचे व्यापारी गणित मोठे विलक्षण! १८६८ साली बीटपासून साखर काढण्याचा एक कारखाना निघाला. तोही थोड्याच वर्षांत बसला. १८६५ साली आलेली रेल्वे १९६१ साली प्रवाशांना बंद झाली.

येथेच आपल्या प्रश्नाचे दुसरे अर्धे उत्तर आहे. ज्या गावांत पैसा खेळता राहिला तेथील लोकांनी अठराव्या शतकात जुनी लाकडी घरे पाडली आणि विटांची, सरळ रेषांची, मोठ्या खिडक्यांची नवी घरे बांधली. ज्यांना पाडणे परवडत नव्हते त्यांनी निदान दर्शनी भाग विटांचा करून घेतला. लॅव्हनममध्येही असे काही विटांचे मुखवटे आहेत. परंतु बहुसंख्य घरमालकांना तेवढेही झेपले नाही. त्यांनी लाकडावर चुन्याचा गिलावा थापला, व्यापाऱ्याच्या एका मोठ्या घराचे पडद्या घालून तीन-चार तुकडे केले आणि ते मजुरांना भाड्याने दिले. उंच छताच्या ज्या दालनात एके काळी एक शेट जेवायला बसत असे तेथे दोन-दोन बिऱ्हाडे नांदू लागली. घरे राहिली ती कोणाच्या रसिकतेमुळे नव्हे; ती पाडण्याइतका पैसा कोणाजवळ नव्हता म्हणून. जॉन ग्रीनने ज्या सेनापतीचे नाव घेतले त्यानेच पुढे साडेतीनशे वर्षे या गावाची पहारेदारी केली.

या पडत्या काळातही गावात दोन मुले वाढली, त्यांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. चित्रकार जॉन कॉन्स्टेबल लहानपणी काही दिवस लॅव्हनमच्या शाळेत होता. तेथील मास्तरांच्या छडीची त्याची आठवण चांगली नव्हती. दुसरी जेन टेलर. तिचे वडील तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरणारे कारागीर. लंडनची महागाई परवडेना म्हणून ते कुटुंब १७८६ साली येथे आले आणि शिलिंग स्ट्रीटवरील एका मोठ्या जुन्या घरात स्वस्तात राहिले. दहा वर्षांनी ते कोल्चेस्टरला गेले. या जेनची ‘द स्टार’ ही कविता १८०६ साली छापली गेली. नावावरून ओळख पटणार नाही. पण आपल्याकडील बालवाडीतली मुले इंग्रजीचा पहिला धडा म्हणून चमचम करणाऱ्या ताऱ्याचे जे गाणे आज हातवारे करीत म्हणतात ते हेच. मोठे घर स्वस्त भाड्याने मिळाले तेही गाव बसले होते म्हणूनच.

विसाव्या शतकाच्या आरंभी शहरी सुशिक्षितांना जुन्या घरांची ओढ लागली, आणि गावावर नवेच संकट आले. आरंभी मी म्हटले की ही घरे म्हणजे सुटे होणारे फर्निचर. ‘अवर लेडी’ मंडळाचे जुने सभागृह, ज्याला आता वूल हॉल म्हणतात, ते १९११ च्या सुमारास विकले गेले, खुंट्या काढून सुटे केले गेले आणि त्याचे लाकूड लंडनच्या पलीकडे ॲस्कटला रवाना झाले. तेथे ते नव्याने उभारण्याचा बेत होता. गावकऱ्यांनी गिल्ला केला. तीनशे वर्षे ज्या इमारतीकडे कोणी ढुंकून पाहिले नव्हते ती जाते म्हटल्यावर आपली वाटू लागली. अखेर सारे लाकूड परत आले आणि इमारत होती तेथे पुन्हा उभी राहिली. १९६० च्या दशकात ती शेजारच्या ‘स्वॉन’ हॉटेलात सामावली गेली. दुसऱ्या महायुद्धात गावाबाहेर अमेरिकन बाँबफेकी विमानांचा तळ होता. मोहिमेवर निघण्यापूर्वी या हॉटेलात बसणाऱ्या वैमानिकांनी भिंतीवर केलेल्या सह्या तेथे अजून जपून ठेवल्या आहेत.

बाजारचौकातील लिटल हॉल हे चौदाव्या शतकाच्या अखेरचे घर गेयर-अँडरसन या जुळ्या भावांनी १९२० च्या दशकात घेऊन दुरुस्त केले. दोघेही लष्करातले, दोघांनाही पूर्वेकडील वस्तू जमवण्याचा नाद. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयातील भारतीय चित्रांत या बंधूंनी दिलेली अनेक चित्रे आहेत, आणि ब्रिटिश म्युझियममधील ईजिप्तची काशाची प्रसिद्ध मांजर यांच्यापैकी रॉबर्टच्याच नावाने ओळखली जाते. लिटल हॉल आता संग्रहालय आहे. गिल्डहॉल १९५१ साली नॅशनल ट्रस्टकडे आला. १९६० च्या दशकात तर रस्त्यांवरील तारांचे खांब काढून सर्व तारा जमिनीखाली घालण्यात आल्या.

या जीर्णोद्धाराबद्दल एक शंका मात्र नोंदवली पाहिजे. दुरुस्ती करणाऱ्यांनी बऱ्याच घरांचा चुन्याचा गिलावा खरवडून आतले लाकूड उघडे केले. व्यापाऱ्याने दिमाखासाठी जे लाकूड मुळात उघडे ठेवले होते तेथे हे योग्यच. पण काही घरांचे लाकूड झाकण्यासाठीच होते. ते साधे, ओबडधोबड, कारागिराने दाखवण्यासाठी न घडवलेले. तेही उघडे पडले, कारण जुने घर असेच दिसावे अशी पाहणाऱ्यांची अपेक्षा. विल्यम मॉरिसने १८७७ साली प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली ती अशा खरवडण्याच्या विरोधातच. इमारतीवर काळाने चढवलेले थरही तिचा इतिहासच होत, असे त्याचे म्हणणे. मला ते पटते. गिलाव्याबरोबर त्या मजुरांची बिऱ्हाडे, पडद्या, चुली यांच्याही खुणा गेल्या, आणि उरले ते फक्त शेटचे घर. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जी घरे आपण चित्रांत पाहतो तीही बरीचशी एकोणिसाव्या शतकाची आवड. लॅव्हनममध्ये पुष्कळ ठिकाणी लाकूड काळे न रंगवता चुन्याच्या हाताने रुपेरी-करडे ठेवले आहे, आणि मधल्या भिंती पिवळ्या, नारिंगी किंवा सफकच्या त्या प्रसिद्ध गुलाबी रंगाच्या असतात.

आज परिस्थिती पुरती उलटली आहे. जी घरे मजुरांना तुकड्या-तुकड्यांनी भाड्याने मिळत ती आता सुखवस्तू निवृत्तांना आणि सुटीपुरते येणाऱ्यांनाच परवडतात. मालकाला खिडकीची चौकट बदलायची तर सरकारी संमती लागते, आणि चुन्याचे काम जाणणारा गवंडी महाग पडतो. बाजारचौकात बाजाराऐवजी बहुतेक दिवस मोटारी उभ्या असतात. हॅरी पॉटरच्या २०१० सालच्या चित्रपटात नायकाचे जन्मगाव म्हणून लॅव्हनमची घरे दिसली, आणि तेव्हापासून वॉटर स्ट्रीटवरील डी व्हिअर हाउसच्या दारासमोर उभे राहून छायाचित्र काढून घेणाऱ्या मुलांची भर पडली आहे.

गिल्डहॉलमध्ये सध्या संग्रहालय आणि चहाची खोली आहे. मागील अंगास भिंतीआडची एक छोटी बाग आहे. तेथे एका कडेला जुन्या काळी आरोपींना रात्रभर कोंडण्याची कोठडी उभी आहे, आणि वाफ्यांतून रंगाच्या वनस्पती मुद्दाम लावल्या आहेत. त्यांत वोडही आहे. फुले पिवळी असतात. निळा रंग पानांत असतो, आणि पाने आंबवल्याशिवाय तो दिसत नाही.